मनातलं काम आणि उघडं दार

१९१०च्या सुमाराला नागपूरच्या सरकारी लेखा कार्यालयात एक तरुण अधिकारी बदलून आला. वय एकवीस-बावीस. वित्त सेवेच्या परीक्षेत पहिला आलेला, पगार भक्कम, पुढची बढती ठरलेली. त्या काळच्या आईबापांनी आपल्या मुलांपुढे उदाहरण म्हणून ठेवावा असा. नाव चंद्रशेखर वेंकट रामन. हिशेबाच्या कामात तो कुठे कमी पडत नव्हता, पण त्याचं मन रमायचं ते ध्वनीत, कंपनांत, वाद्याच्या तारेत. नागपूरला येण्याआधी कलकत्त्यात त्याने स्वतःसाठी दुसरं एक आयुष्य उभं केलं होतं. बदलीच्या हुकमांनी ते मोडलं होतं. आधी रंगून, मग नागपूर.

ते दुसरं आयुष्य सुरू झालं एका पाटीमुळे. १९०७ मध्ये कलकत्त्यात नोकरीवर रुजू झालेल्या रामन यांना ट्रामने जाता-येता बहूबाजार रस्त्यावर एका विज्ञानसंस्थेची पाटी दिसली. ते उतरले आणि त्यांनी दार वाजवलं. आशुतोष डे नावाच्या कर्मचाऱ्याने ते उघडलं. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये लोकवर्गणीतून ही संस्था काढली होती. भारतीयांनी इथे येऊन स्वतः संशोधन करावं, एवढीच त्यांची आस होती. उपकरणं होती, खोल्या होत्या, पण झोकून देऊन काम करणारे तरुण काही येत नव्हते. डॉ. सरकार १९०४ मध्ये वारले ते ही खंत मनात ठेवूनच. तीन वर्षांनी हा लेखा अधिकारी दारात उभा राहिला. मग पहाटे प्रयोगशाळा, दिवसा कचेरी आणि संध्याकाळपासून रात्रीपर्यंत पुन्हा प्रयोगशाळा, असा क्रम सुरू झाला.

नागपुरात कचेरी होती, कलकत्त्यातली प्रयोगशाळा नव्हती. १९११ मध्ये कलकत्त्याला परत बदली झाली आणि मोडलेला क्रम पुन्हा जुळला. पुढे १९१७ मध्ये कलकत्ता विद्यापीठ घडवणाऱ्या आशुतोष मुखर्जी यांनी तिथलं पालित प्राध्यापकपद देऊ केलं. पगार जवळजवळ निम्म्यावर येणार होता. रामन यांनी सरकारी नोकरीचा राजीनामा दिला. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्या बहूबाजारच्या इमारतीतच रामन परिणामाचा शोध लागला, १९३० मध्ये नोबेल मिळालं. नागपुरात गांधीसागराजवळ १९९२ पासून रामन विज्ञान केंद्र उभं आहे. सुट्टीच्या दिवशी तिथे येणाऱ्या मुलांना रामन एकेकाळी याच शहरात सरकारी जमाखर्च तपासत होते, हे कुणीतरी आवर्जून सांगायला हवं.

काहीही करायची मुभा मिळाली, पैशाची, घरच्यांची, वयाची अडचण उरली नाही, तर कोणतं काम कराल? हा प्रश्न चारचौघांत टाकला की चेहरे उजळतात. कुणी म्हणतो जंगलात राहीन. कुणी म्हणते फक्त गाईन. कुणाला मैदानावर पोरं घडवायची असतात, कुणाला बुद्धिबळाच्या पटावर जग फिरायचं असतं. ऐकताना ही उत्तरं हवेतली वाटतात. पण नागपूरच्या शंभर वर्षांवर नजर टाकली तर यांतलं प्रत्येक काम इथल्या कुणीतरी खरोखर केलेलं आहे.

आणि तेही नोकरीला देवघरात बसवणाऱ्या शहरात. १९५६ पर्यंत नागपूर जुन्या मध्य प्रांताची, पुढे मध्य प्रदेशाची राजधानी होतं. सचिवालय, न्यायालय, लेखा कार्यालय, रेल्वे, पुढे कोळसा आणि वीज, नीरीसारख्या राष्ट्रीय संस्था. इथल्या कितीतरी घरांची दोन-दोन, तीन-तीन पिढ्यांची चूल या पगारांवर पेटली. खेड्यातून आलेल्या मुलाला ‘परमनंट’ नोकरी लागली की पाठच्या बहिणीचं शिक्षण व्हायचं, गावच्या घरावर कौलं चढायची. या शहरातल्या स्वप्नांचा विचार करताना पगाराच्या तारखेचा मान राखूनच करावा लागतो.

गायक वसंतराव देशपांडे यांनी तो मान दीर्घकाळ राखला. जन्म १९२० चा, मूर्तिजापूरचा, लहानपण नागपुरात. इथेच शंकरराव सप्रे यांनी या मुलाच्या गळ्यातली जात ओळखली आणि त्याला शिकवायला घेतलं. १९३५ च्या ‘कालिया मर्दन’ चित्रपटात तो कृष्ण झाला. पुढे लाहोरला उस्ताद असद अली खाँ यांच्याकडे कित्येक महिने एकच मारवा घोटला. एवढी तयारी असलेल्या माणसाने पुढची सुमारे दोन तपं पुण्यात लष्करी हिशेबखात्यात कारकुनी केली. दिवसा आकडे, रात्री मैफल. घर त्या कारकुनीवर चाललं, गाणंही तिच्याच आधाराने तगलं. चाळिशी उलटल्यावर नोकरी सुटली आणि १९६७ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक रंगमंचावर आलं, तेव्हा महाराष्ट्राला खाँसाहेब आफताब हुसेन दिसले. वसंतराव तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते.

ते नाटकही नागपूरच्याच माणसाचं. पुरुषोत्तम दारव्हेकर, सगळ्यांचे ‘मास्तर’, रंजन कला मंदिर उभारणारे. त्यांनी लिहिलेली गोष्ट एका मनाजोग्या पदाचीच आहे. राजगायकाचं पद, त्यासोबत हवेली आणि मानाची कट्यार. वर्षानुवर्षं हुकलेलं हे पद अखेर खाँसाहेबांना मिळतं, तरी त्यांना शांतता लाभत नाही. आपली विद्या ते तिजोरीसारखी कुलपात ठेवतात, शिकायला आलेल्या सदाशिवला परतवून लावतात. मग त्या पोराला हवेलीत नोकर होऊन चोरून ऐकावं लागतं. सप्र्यांनी ज्याला शिष्य म्हणून जवळ केलं, लाहोरच्या उस्तादांनी परप्रांतातल्या ज्या मुलाला मारव्याच्या खोलात नेलं, त्याच वसंतरावांनी विद्या नाकारणाऱ्या गायकाची भूमिका केली. शिकवणाऱ्याने पाठ फिरवली तर शिकणाऱ्याच्या जिवाचं काय होतं, हे त्या भूमिकेतून महाराष्ट्राने पाहिलं. सिव्हिल लाइन्समधल्या मोठ्या सभागृहाला आज वसंतरावांचं नाव आहे.

जंगलात राहायचं स्वप्न सांगणाऱ्यांनी मारुती चितमपल्ली यांचा रस्ता पाहावा. ५ नोव्हेंबर १९३२ ला सोलापुरात जन्म, कोईमतूरच्या वन महाविद्यालयात शिक्षण आणि मग वनखात्यात छत्तीस वर्षं. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट ही विदर्भातली रानं त्यांनी पायाखाली घातली, निवृत्तीनंतरचा मोठा काळ नागपुरात काढला. बाहेरून पाहणाऱ्याला या नोकरीत फक्त हिरवाई दिसते. प्रत्यक्षात वनाधिकाऱ्याच्या दिवसात कूपांची तोडणी असते, उन्हाळ्याआधी जाळरेषा काढणं असतं, चोरट्या लाकडाचे पंचनामे असतात, वणव्याच्या रात्री असतात, वरिष्ठांना पाठवायचे अहवाल असतात. चितमपल्लींनी यांतलं काही टाळलं नाही. या सगळ्याच्या जोडीला त्यांनी स्वतःला रानाचा विद्यार्थी करून घेतलं. संस्कृत शिकले, जुने ग्रंथ चाळले, पाखरांची, झाडांची, माशांची लोकांच्या तोंडी असलेली नावं टिपून ठेवली. दिवसभराची पायपीट संपल्यावर कंदिलाच्या उजेडात लिहिलेल्या टिपणांतूनच पुढची पुस्तकं आली, पक्षिकोश आला.

त्यांना शिकवणारे मात्र बहुतेक करून पदवीधर नव्हते. नवेगावच्या तळ्याकाठी त्यांना माधवराव पाटील डोंगरवार भेटले. ते तळं कोहळी समाजातल्या कोलू पाटलांनी बांधल्याचं परंपरा सांगते. तळ्याचा पसारा, त्यातले मासे, हिवाळ्यात उतरणारे पक्षी माधवरावांना घरच्या माणसांसारखे ठाऊक होते. साहेब म्हणून आलेल्या माणसापुढे त्यांनी हे ज्ञान मोकळं केलं. गोंड, कोरकू, ढीवर समाजातल्या वाटाड्यांनी, मासेमारांनी, शिकाऱ्यांनीही केलं. आणि साहेबाने खुर्ची विसरून त्यांच्या मागून चालायचं कबूल केलं. चितमपल्ली २००६ मध्ये सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, त्याच वर्षी १८ जूनला ते गेले. त्यांच्या लेखनात या रानातल्या गुरूंची नावं सन्मानाने येतात.

नोकरीची जाहिरात निघते तेव्हा तिच्यात पद असतं, वेतनश्रेणी असते, वयोमर्यादा असते. मनातल्या कामाची जाहिरात कुठे निघत नाही. रामन यांना प्रयोगशाळेत कुणी नेमलं नव्हतं. चितमपल्लींच्या नेमणूकपत्रात पक्ष्यांची नावं गोळा करायला सांगितलेलं नव्हतं. या माणसांनी ठरल्या कामावर जादा काम ओढवून घेतलं आणि ते दुसरं कामच हळूहळू त्यांचं खरं काम झालं. सुखाची नोकरी त्यांनी मागितली नाही, मागितले ते जास्तीचे तास. रामन यांच्याच काळात बर्नच्या पेटंट कार्यालयात आइन्स्टाइन १९०२ ते १९०९ हेच करत होता. पण असे तास सार्थकी लागायला समोर कुणीतरी लागतं. दार उघडणारा डे लागतो, सप्रे लागतात, माधवराव लागतात.

आणि ज्याच्या हातात मुळात पगारच नाही, त्याचं काय? नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांच्यासमोर हा प्रश्न पावसात भिजत आला. झोपडपट्टीतली पोरं चेंडू नाही म्हणून प्लास्टिकची फुटकी बादली लाथाडत खेळत होती. बारसे सरांनी त्यांना खरा चेंडू आणून दिला. एक चेंडू देऊन थांबता आलं असतं. ते थांबले नाहीत. त्यांनी वस्त्यावस्त्यांतल्या पोरांचे संघ बांधले, त्यांच्या स्पर्धा भरवल्या, निवृत्तीच्या पैशातून नागपूरजवळ जमीन घेतली. या कामाचं ‘स्लम सॉकर’ हे नाव पुढे बेघरांच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेपर्यंत पोचलं. २०२२ मध्ये नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’मध्ये अमिताभ बच्चन यांनी बारसे सरांवरून बेतलेली भूमिका केली. व्यसनात, मारामाऱ्यांत अडकलेल्या मुलांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी ‘सराव किती वाजता?’ असं विचारायला लावलं, ही त्या कामाची खरी मोठी मिळकत. त्यांतले सगळे खेळाडू झाले नाहीत. पण काय व्हायचंय, या प्रश्नाचं उत्तर द्यायची सवय त्यांना लागली.

नागपूरच्याच बुद्धिबळपटू दिव्या देशमुखला सुरुवात यापेक्षा सोपी मिळाली. आईवडील दोघेही डॉक्टर, घरात शिकण्याची हौस. तिनेही लहानपणी कुणाच्या तरी समोर बसून पहिली चाल शिकली. २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातल्या बाटुमी शहरात, एकोणीस वर्षांच्या दिव्याने कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. नागपूरला परतल्यावर विमानतळावर गर्दी उसळली. त्या कौतुकात तिने आपले पहिले प्रशिक्षक, दिवंगत राहुल जोशी यांची आठवण काढली. तिने ग्रँडमास्टर व्हावं ही त्यांची इच्छा होती. २०१९ मध्ये तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर झालेला रौनक साधवानीही याच शहराचा. दहा-बारा वर्षांपूर्वी बुद्धिबळ हेच आयुष्यभराचं काम म्हणून मुलीने निवडावं, असं किती घरांत मोकळेपणाने बोललं गेलं असतं?

आजही नागपूरच्या अभ्यासिकांमध्ये पहाटेपासून खुर्च्या भरतात. गडचिरोलीची, गोंदियाची, यवतमाळची पोरंपोरी एमपीएससीची, तलाठी भरतीची पुस्तकं उघडून बसतात. पोलीस भरतीवाले अंधारातच धावून येतात. त्यांची निवड योग्यच आहे, घरच्यांचे डोळे त्यांच्याकडे लागलेले आहेत. त्यांच्यापुढे आणखी एक गोष्ट यायला हवी: काम करताना आनंद होणारी माणसं, जवळून, बोलण्याच्या अंतरावर. असे वाद्य जुळवणारे, तारे पाहणारे, रोपवाटिका फुलवणारे, पोरांना डाव शिकवणारे लोक या शहरात गल्लोगल्ली आहेत.

चितमपल्लींच्या वाढदिवसापासून पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या वाढदिवसापर्यंत, ५ ते १२ नोव्हेंबर, महाराष्ट्रात २०२० पासून पक्षी सप्ताह साजरा होतो. त्या आठवड्यात नागपुरातल्या प्रत्येक शाळेने एका वनरक्षकाला वर्गात बोलवावं, त्याच्याबरोबर मुलांना अंबाझरीच्या नाहीतर गोरेवाड्याच्या तळ्यावर न्यावं आणि भाषणाऐवजी प्रश्नोत्तरं ठेवावीत. पगार किती मिळतो, रात्री एकट्याने फिरताना वाघाची भीती वाटते का, घरचे काय म्हणतात, पाखरांची नावं कुणी शिकवली, आणि हे काम आम्हाला करायचं असेल तर सुट्टीत तुमच्यासोबत यायला कुणाची परवानगी लागेल, हे सगळं पोरांनी त्याला विचारून घ्यावं.