रस्ता आणि जोई डनलॉप

मोटारसायकलच्या शर्यती बहुतेक ठिकाणी खास बांधलेल्या ट्रॅकवर होतात आणि तिथे घसरलेला स्वार मोकळ्या जागेत किंवा खडीच्या पट्ट्यात जाऊन थांबावा अशी सोय केलेली असते. ‘रोड रेसिंग’ या प्रकारात मात्र एरवी दुधाच्या गाड्या आणि शाळेच्या बस ज्यावरून धावतात तोच रस्ता काही तास वाहतुकीला बंद करून शर्यतीला दिला जातो, त्यामुळे कडेची दगडी भिंत, दिव्याचा खांब, कुणाच्या तरी घराचे फाटक असे सारे जागच्या जागी असते. उत्तर आयर्लंडमधल्या बॅलिमनीच्या जोई डनलॉपचे (१९५२–२०००) आयुष्य अशा रस्त्यांवर गेले.

या प्रकारातली सर्वांत मानाची शर्यतमालिका म्हणजे आइल ऑफ मॅन बेटावर १९०७ साली सुरू झालेली टूरिस्ट ट्रॉफी, अर्थात ‘टीटी’. तिच्या डोंगरी मार्गाची एक फेरी ६०.७ किलोमीटरची असून तीत दोनशेहून अधिक वळणे आहेत, आणि स्वार दहा-दहा सेकंदांच्या अंतराने सोडले जात असल्याने खरी चढाओढ घड्याळाशी चालते. इथे धाडसापेक्षा पाठांतर मोठे ठरते. कोणत्या झाडाच्या सावलीत डांबर उशिरा वाळते, पावसात कोणता पांढरा पट्टा निसरडा होतो, हे ज्याला ठाऊक, त्यालाच तिथे वेग वाढवता येतो. डनलॉपने १९७७ ते २००० या काळात इथे २६ शर्यती जिंकल्या. त्यांतल्या शेवटच्या तीन त्याने वयाच्या ४८व्या वर्षी, एकाच आठवड्यात जिंकल्या, आणि त्याच आठवड्यातल्या ‘सीनियर’ शर्यतीत तिसरा येताना ताशी सुमारे १९९ किलोमीटर सरासरीने स्वतःची सर्वांत वेगवान फेरीही मारली.

होंडासारख्या बलाढ्य कंपनीचा स्वार असूनही तो गाडीची दुरुस्ती बरेचदा स्वतःच करी, गावात पब चालवी आणि मुलाखती शक्यतो टाळी. शर्यतींचा हंगाम नसे तेव्हा व्हॅनमध्ये अन्न आणि कपडे भरून, अनेकदा एकटाच, तो रुमानियातल्या अनाथालयांपर्यंत गाडी हाकत जाई. ब्रिटिश सरकारने त्याला १९८६ साली शर्यतींसाठी ‘एमबीई’ आणि १९९६ साली या मदतकार्यासाठी ‘ओबीई’ हे सन्मान दिले. मदतीच्या या फेऱ्यांमुळे त्याला संतपद देण्याचा मोह अनेकांना होतो, पण त्याचा चांगुलपणा हे या खेळाचे समर्थन होऊ शकत नाही, कारण टीटीच्या एकट्या डोंगरी मार्गावर १९११पासून अडीचशेहून अधिक स्वार दगावले आहेत आणि त्यांतले अनेक त्याच्याइतकेच साधे, गावातले कामकरी लोक होते. स्वखुशीने पत्करलेला धोका हे उत्तर स्वारापुरते पुरेसे असेलही. घरच्यांना ते पुरत नाही.

२ जुलै २००० रोजी एस्टोनियातल्या टॅलिन शहरात, तुलनेने किरकोळ अशा १२५ सीसीच्या शर्यतीत आघाडीवर असताना, ओल्या रस्त्यावर त्याचा ताबा सुटला आणि तो कडेच्या झाडांवर आदळून जागीच गेला. बॅलिमनीतल्या त्याच्या अंत्ययात्रेला सुमारे पन्नास हजार माणसे लोटली. त्याचा धाकटा भाऊ रॉबर्ट २००८च्या मे महिन्यात ‘नॉर्थ वेस्ट २००’ या शर्यतीच्या सरावात मरण पावला आणि दोनच दिवसांनी रॉबर्टचा मुलगा मायकेल त्याच मार्गावर २५० सीसीची शर्यत जिंकला. मायकेलचा भाऊ विल्यम २०१८ साली आयर्लंडमधल्या स्केरीजच्या रस्त्यावर, सरावातच गेला. मायकेल शर्यती खेळत राहिला, आणि २०२४ साली काकांचा २६ विजयांचा विक्रम त्यानेच मोडला.