मुदत संपते, काम संपत नाही

हळदीच्या पेढीवर पंचेचाळीस वर्षे बसलेल्या माणसाला दोन सवयी जडलेल्या असतात. माल पाहिला की तो कोणाच्या हातून आला हे विचारायचे आणि हिशेब पाहिला की रक्कम कोणाच्या नावे पडली हे तपासायचे. सांगलीचे एक वयोवृद्ध व्यापारी, ज्यांना घरीदारी सारे अण्णा म्हणत, थोरल्या मुलाकडे कॅनडात गेले तेव्हा या सवयीही त्यांच्याबरोबर गेल्या.

मुलगा तिकडे शिकायला गेला होता. शिक्षण संपले, टोरांटोजवळ संगणक क्षेत्रात नोकरी लागली आणि वर्षभराच्या अनुभवानंतर त्याने कायम निवासासाठी, म्हणजे हल्ली घरोघरी ज्याला पी.आर. म्हणतात त्यासाठी, अर्ज केला. वय, शिक्षण, इंग्रजी आणि अनुभव यांना गुण मिळतात. कॅनडाने ही गुणपद्धती १९६७ साली आणली. वंश, वर्ण किंवा देश न पाहता माणसाची पात्रता पाहणारी पद्धत म्हणून अण्णांना तिचे कौतुक होते. व्यापाऱ्याला नियम लेखी असले की बरे वाटते.

एका रविवारी मुलगा त्यांना लेमिंग्टनला घेऊन गेला. टोरांटोपासून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर, ईरी सरोवराच्या काठी हे गाव आहे. गावाभोवती मैलोन्‌मैल काचगृहे पसरलेली आहेत. त्यांत टोमॅटो, काकडी आणि ढोबळी मिरची पिकते. मुलाच्या घरी जैन पद्धतीच्या स्वयंपाकात रोज लागणारा टोमॅटो इथलाच, हे कळल्यावर अण्णांची पहिली सवय जागी झाली. हा माल कोणाच्या हातून येतो?

उत्तर रस्त्यावरच होते. सुट्टीच्या दिवशी सायकलींवरून गावात आलेले, स्पॅनिश बोलणारे शेकडो पुरुष बाजार करीत होते. घरी पैसे पाठविण्याच्या दुकानापुढे रांग लागली होती. रांगेतल्या एका प्रौढ माणसाला थोडे इंग्रजी येत होते. मुलाच्या मध्यस्थीने बोलणे झाले. तो मेक्सिकोचा. एकोणीस वर्षे तो इथे येत होता. दरवर्षी आठ महिने काम आणि मग परत. घरी बायको आणि तीन मुले. थोरली मुलगी आता शिक्षिका झाली होती. तिचा एकही वाढदिवस त्याने घरी पाहिलेला नव्हता, कारण तो ऑगस्टमध्ये येतो.

गाडीत बसल्यावर अण्णांनी हिशेब केला. एकोणीस वर्षे, दरवर्षी आठ महिने, म्हणजे एकशे बावन्न महिने. बारा वर्षे आणि आठ महिने.

“तुझा अनुभव किती धरला होता रे?” त्यांनी मुलाला विचारले.

“एक वर्ष, अण्णा.”

“आणि याचा?”

“शून्य. ते काम अकुशल गटात मोडते. कुशल कामाचाच अनुभव धरतात.”

परतीच्या वाटेवर अण्णा फारसे बोलले नाहीत.

हंगामी शेतमजुरांची ही योजना १९६६ साली सुरू झाली. पहिल्या वर्षी जमैकातून २६४ माणसे आली. १९७४ मध्ये मेक्सिको तिच्यात सामील झाला. एका वर्षात जास्तीत जास्त आठ महिने काम करायचे आणि १५ डिसेंबरपर्यंत देश सोडायचा, असा तिचा नियम आहे. परवाना मालकाशी बांधलेला असतो. शेत बदलायचे तर मजुराची इच्छा पुरत नाही, त्याला मंजुरी लागते. पुढच्या वर्षी कोणाला बोलवायचे ते मालक नावानिशी कळवू शकतो. म्हणजे आज तक्रार करणाऱ्याचे नाव उद्याच्या यादीत असेलच असे नाही. मजुराच्या पगारातून बेरोजगारी विम्याचा हप्ता कापला जातो, पण काम संपताच देश सोडावा लागत असल्याने बेरोजगारीचा भत्ता सहसा त्याच्या हाती पडत नाही. छळ सोसणाऱ्या कामगाराला मालक बदलण्याची मुभा देणारा खुला परवाना २०१९ मध्ये आला, पण त्यासाठी छळ झाल्याचे दाखवावे लागते. २०२३ साली संयुक्त राष्ट्रसंघाचे विशेष प्रतिवेदक तोमोया ओबोकाता यांनी कॅनडाला भेट दिली आणि तेथील तात्पुरत्या परदेशी कामगारांची व्यवस्था आधुनिक गुलामगिरीला पोसणारी आहे, असा कठोर अभिप्राय दिला.

अण्णांना मात्र एक जुनी गोष्ट आठवत होती. तरुणपणी त्यांनी कॅश क्रेडिटच्या पैशातून गोदाम बांधायला काढले होते. बँकेच्या व्यवस्थापकाने त्यांना समोर बसवून समजावले होते की, हंगामाचे कर्ज हंगामातच फिटले पाहिजे. वीस वर्षे टिकणाऱ्या गोष्टीसाठी वर्षाच्या मुदतीचे कर्ज दरवर्षी नवे करीत राहणे म्हणजे स्वतःलाच फसविणे होय. गरज कायमची असेल, तर तिची तरतूदही कायमची हवी. कॅनडाने मजुरांच्या बाबतीत नेमके तेच केले होते. गरज अर्ध्या शतकाहून जुनी, आणि माणूस मात्र दरवर्षी नव्याने तात्पुरता. या नूतनीकरणाचे व्याज कोण भरत होते, ते अण्णांनी त्या रांगेत पाहिले होते.

दार कधीच उघडले नाही असे नव्हे. घरकाम करणाऱ्या आणि मुले सांभाळणाऱ्या स्त्रियांची कथा निराळी आहे. १९७० च्या दशकात कॅरिबियन बेटांतून अशा स्त्रिया तात्पुरत्या परवान्यावर येत. त्यांच्यापैकी काहींना परत पाठविण्याचे हुकूम निघाले, तेव्हा त्यांच्या चळवळीने साधी मागणी केली: आम्ही कामाला चालतो, तर राहायलाही चाललो पाहिजे. १९८१ मध्ये, दोन वर्षे घरकाम केल्यावर तिथूनच कायम निवासासाठी अर्ज करण्याची वाट खुली झाली. १९९२ च्या योजनेतही ती टिकली. फिलिपिन्सच्या असंख्य स्त्रिया याच वाटेने कॅनडाच्या नागरिक झाल्या. मात्र मालकाच्या घरातच राहण्याची अट होती आणि स्वतःची मुले वर्षानुवर्षे दूर राहत. २०१४ नंतर संख्येवर मर्यादा आली, शिक्षण आणि भाषेच्या अटी वाढल्या. २०२५ च्या ३१ मार्चला या क्षेत्रासाठी नव्या योजना उघडल्या, तेव्हा मुले सांभाळणाऱ्यांच्या जागा त्याच दिवशी भरल्या.

महामारीच्या काळात जगाला अचानक कळले की, ज्याला अकुशल म्हणतात ते काम अत्यावश्यक असते. २०२१ च्या मे महिन्यात कॅनडाने एकदाच म्हणून नव्वद हजार अर्जांसाठी वाट मोकळी केली. त्यांत चाळीस हजार जागा तेथे शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या, वीस हजार आरोग्यसेवकांच्या आणि तीस हजार इतर अत्यावश्यक कामगारांच्या होत्या. विद्यार्थ्यांच्या जागा सुमारे एका दिवसात संपल्या. मजुरापुढे मात्र भाषेची परीक्षा, संगणकावरचा अर्ज आणि कागदपत्रे असा डोंगर होता. दिवसभर काचगृहात राबून स्पॅनिशमध्येच बोलणाऱ्याला इंग्रजी शिकवायला कोण बसले होते?

२०२० ते २०२५ या काळात शेती व अन्नप्रक्रियेसाठी एक प्रायोगिक योजना होती. वर्षभर चालणारे, बिगर हंगामी काम ही तिची अट होती. त्यामुळे अळिंबीच्या शेतीतल्या, काचगृहांतल्या बारमाही कामगारांबरोबर कत्तलखान्यातला आणि मांस कारखान्यातला कामगारही तिच्यात बसत असे, पण आठ महिन्यांच्या परवान्यावर भाजी पिकविणारा बसत नसे. शाकाहारी कुटुंबाला हे वाचताना खटकेल. तिथे प्रश्न अन्नाचा नव्हता, दिनदर्शिकेचा होता. ज्याचे वर्ष बारा महिन्यांचे, तो माणूस. ज्याचे आठ महिन्यांचे, तो हंगाम.

रात्री जेवताना मुलाने दुसरी बाजू मांडली. “अण्णा, या लोकांना पी.आर. दिला, तर ते शेतावर राहतील कशाला? शहरात जातील. शेतकऱ्याला पुन्हा माणसे शोधावी लागतील. भाजी महाग होईल. आणि घरांची टंचाई तुम्ही पाहताच आहात.”

मुद्दे खोटे नव्हते. अण्णांनी ते ऐकून घेतले आणि म्हणाले, “म्हणजे तो शेतावर टिकतो तो काम परवडते म्हणून नव्हे, त्याला जाता येत नाही म्हणून. अरे, जो जाऊ शकत नाही त्याच्याशी ठरलेल्या भावाला आपण बाजारात भाव म्हणतो का?”

थोड्या वेळाने त्यांनी महाराष्ट्राच्या माथाडी कायद्याचा विषय काढला. १९६९ साली तो झाला, तेव्हा आणि नंतरही अनेक व्यापाऱ्यांनी कुरकुर केली होती. अण्णाही त्यांच्यातलेच. हमालाची नोंद मंडळाकडे, मजुरी मंडळामार्फत, वर लेव्ही. पण त्या कायद्याने एक गोष्ट केली. हमाल आज या पेढीवर आणि उद्या त्या पेढीवर गेला, तरी त्याची वर्षे बुडाली नाहीत. मालक बदलला म्हणून माणसाचे खाते बंद पडले नाही. “त्या मेक्सिकोवाल्याला लगेच नागरिक करा असे मी म्हणत नाही,” अण्णा म्हणाले, “पण एकोणीस वर्षांनंतरही त्याच्या खात्यात शिल्लक शून्य कशी?”

मुलाकडे उत्तर नव्हते. त्याला स्वतःचे एक वर्ष आठवत असावे.

जूनमध्ये अण्णा सांगलीला परतले. हळदीचा मोठा हंगाम उतरला होता. पेढीच्या मागच्या शेडमध्ये निवडीच्या आणि भरणीच्या कामाला दरवर्षी बाहेरगावची माणसे येत. हंगामापुरती नेमायची आणि संपताच मोकळी करायची, ही रीत अण्णांनीच घालून दिली होती. त्यांनी धाकट्या मुलाकडून हजेरीची जुनी पुस्तके मागविली. एक नाव अकरा पुस्तकांत सापडले. प्रत्येक पुस्तकात त्या नावापुढे एकच शब्द होता: नवीन. त्यातली पहिली चार अक्षरे अण्णांच्याच हातची होती.

“हा पुढच्या हंगामाला आला की नवीन लिहू नकोस,” ते धाकट्याला म्हणाले. “पहिल्या वर्षापासून त्याचे काम धर. त्याचे भविष्य निर्वाह निधीचे कसे करायचे ते हिशेबनिसांना विचार.”

“अण्णा, खर्च वाढेल.”

“वाढेल,” पुस्तक मिटत अण्णा म्हणाले. “तो आजवरही होतच होता. आपल्या वहीत पडत नव्हता, एवढेच.”