अस्सल बरहुकूम नक्कल

मराठी माणसाचा नक्कल या शब्दाशी दोन ठिकाणी संबंध येतो. एक गणेशोत्सवात, गल्लीतला एखादा पोरगा पुढाऱ्याचा आवाज काढतो तेव्हा, आणि दुसरा तलाठ्याकडे. पहिली नक्कल पाहून हसायचे असते. दुसरी हातात पडली की आपोआप हसू येते. जुन्या सातबाऱ्याच्या उताऱ्यावर 'अस्सल बरहुकूम खरी नक्कल' असा शेरा असायचा. अस्सल, खरी आणि नक्कल या तिघींना एका ओळीत गुण्यागोविंदाने नांदवावे ते महसूल खात्यानेच.

या शब्दाला तिसराही अर्थ आहे हे मला आमच्या भाच्यामुळे कळले. तो पुण्याला कॉम्प्युटर कंपनीत असतो. शिमग्याला चिपळुणात आला की दिवसा पालखी नाचवतो आणि रात्री माळ्यावर लॅपटॉप उघडून बसतो.

"काय चाललंय रे इतक्या रात्री?"

"क्लोन काढतोय, मामा."

आमची ही दचकली. १९९६ साली जन्मलेल्या त्या डॉली मेंढीबद्दल तिने कुठेतरी वाचले होते. "बाबा रे, काय काढायचं ते पुण्याला जाऊन काढ," ती म्हणाली.

तर झाले असे, की बँकेचे सगळे खातेदार, ठेवी, कर्जे ज्यात असतात तो चालू डेटाबेस. त्यावर नवा प्रोग्रॅम थेट चालवून बघता येत नाही. चुकला तर खऱ्या माणसाचे खरे पैसे जायचे. म्हणून त्याची नक्कल काढायची आणि तिच्यावर वाटेल ते प्रयोग करायचे.

"मग खोटीच माहिती भरा की! राम, शाम, अबक," मी म्हटले.

"खोटी माहिती फार शहाण्यासारखी वागते, मामा. खरी माणसं तशी नसतात."

हे मात्र पटले. आमच्याच वाडीत एकाच नावाचे तीन जण आहेत, एकाची जन्मतारीख 'मोठ्या वादळाच्या साली' अशी आहे, आणि एकाचा पत्ता 'मारुतीच्या देवळामागे, फणसाजवळ' असा आहे. फणस पडून वीस वर्षे झाली. प्रोग्रॅम पडतो तो अशाच फणसाला अडखळून.

पण डेटाबेस असतो अजस्र. समजा आठ टेराबाइटचा आहे आणि सेकंदाला दोनशे मेगाबाइट या वेगाने नकलला, तर एका नकलेला अकरा तास लागतात. त्यात पाच टोळ्या, आणि प्रत्येकीला आपली स्वतंत्र प्रत हवी! म्हणजे चाळीस टेराबाइट जागा. यावर या लोकांनी जी युक्ती काढली आहे ती ऐकून मला वाटले, हा नक्की कुणा कोकण्याचा शोध असणार. गोठवलेली प्रत एकच ठेवायची आणि पाचही जणांना सांगायचे, ही सगळी तुझीच. वाचताना सगळे तीच वाचतात. ज्याने जेवढा मजकूर बदलला, तेवढाच त्याच्या नावे वेगळा लिहून ठेवायचा. अहो, हा तर सामाईक सातबारा! घर एक, भाऊ पाच, प्रत्येकाला वाटते सगळे घर आपलेच. धाकट्याने पडवीला निळा रंग दिला, तर तेवढी पडवी त्याच्यापुरती निळी. फरक इतकाच, की इथे कोर्टात कोणी जात नाही आणि नक्कल मिनिटांत तयार होते.

आम्हा चिपळूणकरांना नकलेची किंमत निराळी सांगायला नको. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी बाजारपेठेत शिरली ती पहिल्या मजल्यापर्यंत. १८६४ सालच्या आमच्या वाचनालयातली पुस्तकेसुद्धा तिने सोडली नाहीत. माझ्या पासबुकाचा लगदा झाला, पण खात्यातली शिल्लक रुपयाने हलली नाही. तिची प्रत दुसऱ्या कुठल्या गावात कोरडी बसली होती. "ती वेगळी," भाचा म्हणाला. "ती जपून ठेवायची नक्कल. ही मोडून बघायची."

आणि मोडायची म्हणूनच तिच्यातली नावे बदलावी लागतात, कारण ती पंचवीस परक्या पोरांच्या हाती पडते. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडे २०२३ साली झाला. नाव बदलायचे तर सगळीकडे एकसारखे बदलावे लागते. खात्यात मी गोविंद आणि कर्जाच्या जामिनात माधव झालो, तर हिशेब जुळायचा नाही. शिवाय नुसते नाव बदलून भागत नाही. पिनकोड, जन्मतारीख आणि स्त्री की पुरुष एवढ्यावरून अमेरिकेतली ८७ टक्के माणसे एकेकटी ओळखता येतील, असे लतान्या स्वीनी या विदुषीने २००० साली दाखवले. अमेरिका मोठी म्हणून एवढा खटाटोप. आमच्याकडे 'निवृत्त मास्तर, दोन म्हशी' एवढे म्हटले की पुरे.

हे सगळे गमतीत चालले होते. तेवढ्यात ही म्हणाली, "मग आपल्या शेजारच्या वहिनींना आलं ते काय होतं रे?"

त्या वहिनींचे बांगड्यांचे दुकान पुरात गेले. नवरा आधीच गेलेला. कर्ज काढून त्यांनी दुकान पुन्हा उभे केले, हप्ता कधी चुकवला नाही. एका रात्री मोबाइलवर संदेश आला : चार लाख थकले आहेत, सात दिवसांत भरा. बाई रात्रभर पायरीवर बसून होत्या. सकाळी बँकेत गेल्या तेव्हा साहेब हसत म्हणाले, "ते टेस्टिंगचं होतं, दुर्लक्ष करा." वहिनींनी तो शब्द आम्हाला 'टेस्टी' असा सांगितला होता, आणि आम्ही दोघेही हसलो नव्हतो.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "नावं बदलली असतील, मामा. नंबर राहिले."

"आणि तुमच्याकडे?"

"आमच्याकडे सगळ्या खातेदारांच्या पुढे माझाच नंबर घातलाय. काय जायचं ते मला."

दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचे पान मांडले आणि त्याचा मोबाइल वाजू लागला. एक, दोन, अकरा. त्याने पडद्याकडे बघितले.

"काय रे?" हिने विचारले.

"काही नाही, मामी. माझं पीककर्ज थकलंय. ट्रॅक्टरचंही. आणि लॉकरचं भाडं."

"बरं, बरं. तूप घे आधी," ही म्हणाली.