भिक्षावळीचें व्याज

पाडवा हा वह्यांचा दिवस. आमचें घर व्यापाऱ्याचें नव्हे; तरी घरखर्चाची वही आणि मुलांचीं पासबुकें देवापुढें ठेवून त्यांस हळदकुंकू वाहण्याचा प्रघात आमच्या बोरी अरबच्या घरांत वडिलांच्या वेळेपासून चालत आला आहे. चाकरीनिमित्त मुलें पुण्यानागपुराकडे गेलीं; माडीवरच्या दोन खोल्यांना वर्षाचे दहा महिने कुलूप असतें. परंतु दिवाळीला सारीं जमतात, आणि त्या चार दिवसांत मला पुन्हां कुटुंबप्रमुख झाल्याचें समाधान मिळतें. गेल्या पाडव्याला असाच ओसरीवर बसून मी थोरल्याच्या मुलाला, म्हणजे माझ्या अकरा वर्षांच्या नातवाला, त्याचें पासबुक वाचून दाखवीत होतों.

तीन वर्षांपूर्वीं येथेंच त्याची मुंज झाली. भिक्षावळींत हल्लीं तांदूळ आणि लाडू यांच्याबरोबर पाकिटेंही पडतात. आप्तेष्टांचे मिळून चाळीस हजार रुपये झोळींत जमले. माझ्या निवृत्तिवेतनांतून शिल्लक टाकलेले एक लक्ष साठ हजार मीं त्यांत घातले, आणि बटूच्या नांवें बरोबर दोन लक्षांची मुदत ठेव दारव्ह्याच्या एका बँकेंत केली. व्याज शेकडा सात. म्हणजे वर्षाचे चौदा हजार त्याच्या बचत खात्यांत येऊन पडतात. हा पैसा मुलाचा, याला कोणीं हात लावावयाचा नाहीं, असें मीं मुंजीच्या मांडवांत सर्वांदेखत बजावलें होतें. पासबुक उघडून तीन वर्षांचे बेचाळीस हजार मी मोठ्या अभिमानानें बोटानें दाखविले, तों चिरंजीव विचारतात, "आजोबा, यांत आईचा कर कुठं लिहिलेला असतो?"

मीं म्हटलें, "कसला कर? बँकेनें एक पैसाही कापलेला नाहीं."

"बँक नाही कापत. आई भरते. दर वर्षी संगणकापुढं बसून माझं व्याज ती स्वतःच्या कागदांत लिहिते. बाबा म्हणाले होते, आजोबांना सांगू नकोस."

आंत सौ. चिवड्याचे डबे भरीत होती. तिचा हात थांबल्याचें मला ओसरीवरूनही कळलें.

आयुष्यभर शाळेंत गणित शिकविलेल्या मनुष्याला व्याजाचें गणित नातवाकडून समजावून घ्यावें लागावें, ही नामुष्की लहान नव्हे. मीं सुनेला हांक मारली. ती पुण्यास एका संगणकाच्या कंपनींत मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि माझा मुलगा प्राध्यापक आहे. दोघांच्या पगारांत कोणाचा मोठा, हा प्रश्न आमच्या घरांत कोणी विचारीत नाहीं. सर्वांस उत्तर ठाऊक आहे. तिनें शांतपणें सांगितलें तें असें: अठरा वर्षांच्या आंतील मुलाचें व्याज कायदा मुलाचें मानीत नाहीं. तें आईबापांपैकीं ज्याचें उत्पन्न अधिक, त्याच्या उत्पन्नांत मिळवितात. खात्यावर पालक म्हणून कोणाचें नांव आहे, हें पाहत नाहींत. पैसा आजोबांनीं दिला कीं आत्यानें, हेंही पाहत नाहींत. आजोबांनीं नातवास दिलेल्या देणगीवर कर नाहीं. तिला लागणाऱ्या फळावर मात्र आहे.

माझ्या समजुतीचे दोन खांब एकदम पडले. बँक कर कापीत नाहीं म्हणजे कर नाहीं, हा पहिला. वस्तुतः ठेवींचें व्याज वर्षाला एका मर्यादेच्या वर गेलें तरच बँक कापते. ही मर्यादा आधीं चाळीस हजार होती, ती १ एप्रिल २०२५ पासून पन्नास हजार झाली. बचत खात्याच्या व्याजांतून तर ती कांहींच कापीत नाहीं. पण कापणें निराळें आणि देणें असणें निराळें. दुसरा खांब हा, कीं खात्यावर पालक म्हणून मुलाचें नांव घातलें म्हणजे झालाच तर भार मुलावर पडेल. तो पडला सुनेवर. तिच्या उत्पन्नाच्या वरच्या थराला शेकडा तीस कर आणि त्या करावर शेकडा चार उपकर. चौदा हजारांवर चार हजार तीनशें अडुसष्ट रुपये. तीन वर्षांचे तेरा हजार एकशें चार. नातवाला भेट मीं दिली, मांडवांत मान मला मिळाला, आणि तिचा वार्षिक खर्च न विचारतां न सांगतां सुनेच्या नांवें पडला.

प्रथम मला कायद्याचाच राग आला. मुलाच्या झोळींत हात घालणारें हें कसलें सरकार, असें मी बोलूनही गेलों. परंतु रात्रीं अंथरुणावर पडल्यावर आमच्याच जुन्या वाड्याची आठवण झाली आणि राग ओसरला. माझे एक चुलते वकिली करीत. कापसाच्या चांगल्या वर्षीं वाड्यांतल्या बहुतेक सर्व मुलांच्या नांवानें त्यांनीं ठेवी केल्याचें मला आठवतें. बापानें मुलाला दिलें तर त्याचें उत्पन्न बापाचेंच धरीत. हा नियम १९३७ पासूनचा होता. म्हणून चुलत्यानें पुतण्यांना द्यावयाचें आणि पुतण्यांच्या बापानें चुलत्याच्या मुलांना. अशा आडवळणाच्या देवघेवींनाही पुढें न्यायालयांनीं कायद्याच्या कक्षेंत ओढलें, तो भाग निराळा. त्या ठेवींच्या पावत्या आम्हां मुलांपैकीं एकानेंही पाहिल्या नव्हत्या. नांव आमचें, सही त्यांची आणि पैसा वाड्याचा! असे वाडे या देशांत थोडे नव्हते. १९७५ च्या दुरुस्तीनें सासऱ्यानें सुनेला आणि आजोबानें मुलाच्या मुलाला दिलेल्या पैशाचें उत्पन्नही देणाऱ्याच्या पदरीं घातलें. शेवटीं १९९२ सालीं, डॉ. मनमोहन सिंग अर्थमंत्री असतांना, देणारा कोण हा प्रश्नच मुलांपुरता निकालांत निघाला: पैसा कोणाचाही असो, अज्ञान मुलाचें उत्पन्न आईबापांच्या मिळकतींत. कायद्याला हा संशयी स्वभाव आमच्यासारख्यांच्या घरांतूनच जडला, हें मान्य करणें मला भाग आहे.

त्याच वेळीं मुलामागें वर्षाला पंधराशें रुपयांची सूट ठेविली गेली. त्यानंतर तीस वर्षें उलटून गेलीं, सोन्याचे, तेलाचे, शाळेच्या फीचे आंकडे ओळखूं येईनासे झाले. हे पंधराशें मात्र जेथल्या तेथें राहिले. शेकडा बारा व्याजाच्या दिवसांत साडेबारा हजारांच्या ठेवीला ते पुरत. शेकडा चार दरानें साडेसदतीस हजारांना पुरतात. पण जो नव्या पद्धतीनें कर भरतो त्याला तेही नाहींत, आणि २०२३ पासून तीच पद्धत मुळांतली समजली जाते. जुनी हवी असेल तर मागून घ्यावी लागते. सूनबाईनें नवी पत्करली आहे, म्हणून माझ्या हिशेबांत ते पंधराशें दिसले नाहींत. २०२५ सालीं संसदेनें सबंध आयकर कायदा सोप्या भाषेंत नव्यानें लिहिला. १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख. ही गांठ त्यानेंही सोडविलेली नाहीं.

कायदा अगदींच दगड आहे असें मात्र नव्हे. मुलानें स्वतःच्या अंगमेहनतीनें किंवा गाण्याबजावण्यासारख्या गुणानें मिळविलेलें त्याचें स्वतःचें मानतात. तेंच पैसे ठेवींत घातले कीं त्यांचें व्याज पुन्हां आईबापांकडे! गंभीर अपंगत्व असलेल्या मुलाचें उत्पन्न कोणांतही मिळवीत नाहींत. आणि ज्याचे आईबाप दोघेही नाहींत, त्या मुलाचें व्याज मिळविण्यास कोणी उरलेलेंच नसतें. त्याचा हिशेब स्वतंत्र होतो. हें सुनेनें सांगितलें तेव्हां ओसरीवर क्षणभर कोणी बोललें नाहीं. त्यापेक्षां चार हजार तीनशें अडुसष्ट पुष्कळच स्वस्त.

नातीची गोष्ट निराळी. तिच्यासाठीं मीं गांवच्या पोस्टांत सुकन्या समृद्धीचें खातें उघडविलें होतें. २०१५ सालच्या जानेवारींत निघालेली ही योजना दहा वर्षांच्या आंतील मुलींपुरती आहे. वर्षाला दीड लक्षापर्यंत भरतां येतात आणि व्याजावर कर नाहीं. मुलग्याला मुंज आणि मुलीला कांहीं नाहीं, ही जुनी पंगत या एका बाबतींत तरी फिरली म्हणावयाची. येथेंही आजोबांना मात्र जपूनच राहावें लागतें. आजोबा-आजींनीं पालक म्हणून उघडलेलीं अशीं खातीं १ ऑक्टोबर २०२४ पासून आईबापांच्या किंवा कायदेशीर पालकाच्या नांवें करून घ्यावयाचीं, असें सरकारनें ठरविलें. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ त्यामुळें इतके दुखावले, कीं नातीनेंच आपल्याला नाकारलें असें बोलूं लागले.

हें सर्व ऐकतांना मला माझ्या स्वतःच्या भिक्षावळीची आठवण होत होती. माझी मुंज १९५९ सालची. दशमान नाणीं येऊन दोन वर्षें झालीं होतीं आणि झोळींत आणे व नये पैसे एकत्रच खुळखुळत होते. सारे मिळून त्र्याऐंशी रुपये झाले. ते वडिलांनीं माझ्या नांवें पोस्टांत घातले, आणि दोन वर्षांनीं ताईच्या लग्नांत काढले. काढल्यावर मला जवळ बोलावून पासबुक दाखविलें आणि म्हणाले, "तुझेच होते, घराला लागले." मला तेव्हां वाईट वाटलें नाहीं. मीं एकदां विचारावें, "आणि मला विचारलें होतेंत का?" असें आजतागायत मनांतही आलें नव्हतें. पाडव्याच्या रात्रीं तें आलें, तेंही वडिलांविषयीं नव्हे, स्वतःविषयीं.

भाऊबीज झाली. मुलें निघावयाच्या दिवशीं सकाळीं मीं तेरा हजार एकशें चार रुपये एका पाकिटांत घातले आणि सूनबाईच्या हातीं दिले. तिनें उघडून पाहिलें आणि आंकड्यावरूनच ओळखलें.

"बाबा, हे मी घेऊन बँकेत ठेवले, तर त्याचं व्याज कोणाचं धरतात ठाऊक आहे? तुमचं."

मला ती थट्टा वाटली. पण ती थट्टा नव्हती. १९९२ सालीं नातवंडांपुरता जुना नियम गळाला, सुनेपुरता राहिला. सासऱ्यानें १ जून १९७३ नंतर सुनेला मोबदल्याविना जें दिलें असेल, त्यापासूनचें उत्पन्न सासऱ्याच्या पदरीं पडतें. उलट लग्न झालेल्या लेकीला मीं कितीही दिलें तरी त्याचें व्याज लेकीचें. आम्ही लोक सुनेला तोंडानें घरची म्हणतों आणि वर्षानुवर्षें परक्या घरची म्हणून वागवितों. आयकर खात्यानें मात्र तिला अक्षरशः घरची मानलें आहे. हें तिला बोलून दाखवितांच ती हंसली.

"मग माझ्या खात्यात टाका," नातू जिन्यावरून म्हणाला.

"म्हणजे त्याचंही व्याज आईच भरणार!" हे माझे चिरंजीव. ते तोंवर सामान मोटारींत ठेवण्यांत फारच गढून गेले होते.

सूनबाईनें पाकीट माझ्यापुढें ठेविलें. "पैशाचं मला कांहींच नाही, बाबा. मुलगा माझा आहे. पुढच्या वेळी त्याच्या नावानं काही करण्याआधी मला एकदा विचारा, एवढंच."

मीं "बरें" म्हटलें. एवढा लहान शब्द उच्चारण्यास मला बराच वेळ लागला, हें तिच्या ध्यानीं आलें असावें. कारण तिनें लगेच वांकून नमस्कार केला आणि पोहे फार छान झाले होते असें उगीचच सांगितलें.

मोटार अडाण नदीच्या पुलाकडे वळेपर्यंत मी अंगणांत उभा होतों. मग आंत येऊन वही काढली आणि नातवाच्या पानावर व्याजाच्या शेजारीं एक नवा रकाना आंखला. मथळा काय घालावा याचा थोडा विचार पडला. 'कर' लिहून तें खोडलें आणि 'आईकडून' असें लिहिलें. खालीं तीन वर्षांचे तीन आंकडे मांडले. पाकीट अजून देवघरांत, पासबुकाखालीं आहे.