मुद्दल कोणाचे?

बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला एक सवय जडते. समोर कितीही मोठी रक्कम दिसो, ती आली कोठून आणि तिचा धनी कोण, हे तो आधी विचारतो. कृत्रिम बुद्धिमत्तेने काढलेली चित्रे पाहताना माझ्या मनात हाच प्रश्न उभा राहतो.

मार्च २०२५ मध्ये घरोघरची छायाचित्रे एकाएकी जपानी चित्रपटांच्या रूपात अवतरली. हयाओ मियाझाकी आणि त्यांच्या 'स्टुडिओ जिब्ली'तील कलावंतांनी हाताने रेखाटून, अनेक दशकांच्या परिश्रमाने घडविलेली ती शैली चॅटजीपीटी काही क्षणांत देऊ लागले. आमच्या नातलगांच्या व्हॉट्सॲप समूहावर आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांचे डोळे सारखेच टपोरे झाले. मौज वाटली, हे खरेच.

'स्टेबल डिफ्यूजन'सारखे चित्रे काढणारे यंत्र शिकते कसे, हे लातूरकरांना सांगणे अवघड नाही. 'लातूर पॅटर्न'मध्ये विद्यार्थी मागील प्रश्नपत्रिका इतक्या वेळा सोडवतो, की नवा प्रश्नही त्याला ओळखीचा वाटतो. यंत्राचा सरावही काहीसा असाच आहे. चित्रावर धुळीसारखे कण पसरवायचे आणि ते दूर करून मूळ चित्र परत मिळवायचे, असा सराव ते असंख्य चित्रांवर करते. मग आपण दिलेल्या शब्दांच्या आधाराने निव्वळ धुळीतून नवे चित्र उभे करते. २०२२ मध्ये आलेल्या 'स्टेबल डिफ्यूजन'च्या सरावासाठी चित्रे ज्या 'लायन' संग्रहातून निवडली, त्यात सुमारे ५८५ कोटी चित्रांचे दुवे व वर्णने होती. प्रश्नपत्रिका विद्यार्थ्याला सरावासाठी उघडपणे मिळतात. या चित्रांच्या धन्यांना मात्र कोणी विचारले नव्हते. न दिलेले घेणे यासाठी आपल्याकडे 'अदत्तादान' असा नेमका शब्द आहे.

कलेत यंत्र येणे नवे नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि देवदेवतांची चित्रे सामान्यांच्या भिंतींवर पोहोचविली. त्याच छापखान्यात काम केलेले दादासाहेब फाळके पुढे चित्रपटाकडे वळले. यंत्राने कला संपली नाही, तिला नवी वाट फुटली. पण छापील चित्रामागे मूळ चित्रकार ठाऊक होता. आजच्या चित्रामागे लक्षावधी हात आहेत आणि नाव एकाचेही नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती घडवून आणणारी व्यक्ती, असे म्हटले आहे. ज्यांच्या कृतींवर यंत्र शिकले, त्यांचा या व्याख्येत उल्लेख नाही.

शाखेत संगणक आला, तेव्हा व्याजाचे गणित आमच्या हातून गेले आणि सुवाच्य खतावणीचे कौतुकही सरले. तरी कर्ज द्यावे की नाही, हा निर्णय व त्याखालची सही माणसाचीच राहिली. सर्जनाचेही तसेच होईल, असे वाटते. हाताचे काम घटेल, निवडीचे व उत्तरदायित्वाचे वाढेल. मात्र निवडीची नजर हाताने काम करूनच येते. नांदेडच्या वजिराबादेत आणि लातूरच्या गंजगोलाईत पूर्वी पेंटर दुकानांच्या पाट्या हाताने रंगवीत. फ्लेक्स आले, पाट्या स्वस्त झाल्या, आणि अक्षराला वळण देणारे ते हात दुसऱ्या कामाला लागले.

यंदा आमच्या मंडळाच्या स्मरणिकेचे मुखपृष्ठ कार्यकारिणीपुढे आले. अनेक वर्षे ते एक कलाशिक्षक अल्प मानधनात काढत आले आहेत. एका तरुण सदस्याने सभेतच मोबाइलवर चार मुखपृष्ठे तयार केली, खर्च शून्य. मंदिर देखणे होते, पण ते कोणत्याच गावचे नव्हते. "काका, आपल्या मंदिराचा फोटो दिला तर तेही जमेल," तो म्हणाला. त्याचे म्हणणे खरे होते. हिशेब माझ्याकडे असल्याने सर्वांच्या नजरा माझ्याकडे वळल्या.

मी म्हणालो, "यंत्राला जमेल की नाही, हा वादच नाही. यंत्र जे देते ते व्याज आहे. मुद्दल चित्रकारांचे आहे. चित्र काढणाऱ्याला आपणच काम दिले नाही, तर उद्या त्या मुद्दलात भर कोण घालणार? मुद्दल खाऊन कोणती पेढी टिकली आहे?"

चर्चा बराच वेळ चालली. अखेर मानधनाची तरतूद कायम राहिली आणि मुखपृष्ठ कलाशिक्षकांकडेच गेले. ते काढताना त्यांच्याजवळ बसण्याची इच्छा त्या तरुणाने स्वतःहून सांगितली. आतील पानांच्या सजावटीसाठी त्याची यंत्रचित्रे घ्यावीत, आणि ती यंत्राने केली आहेत हे पहिल्याच पानावर स्पष्ट छापावे, असेही ठरले.