परतीची वाट

१२ व्होल्टांना कुणी भीत नाही. घरातल्या २३० व्होल्टांचा धाक रांगत्या पोराच्या आईला असतो. पण मोटारीच्या बॅटरीच्या दोन्ही टोकांवर कोरडी बोटे ठेवली तर मुंग्यादेखील येत नाहीत. म्हणून लोक तिला गरीब गाय समजतात. याच गाईच्या दोन शिंगांवर चुकून लोखंडी पाना आडवा पडला, की मात्र डोळे दिपतील अशी ठिणगी उडते, पाना जागीच चिकटतो आणि बघता बघता तापून लाल होतो. आमच्या न्हाणीघरातला गीझर नऊ-दहा अँपिअरवर पाणी उकळतो. मोटारीचा स्टार्टर इंजिनाला पहिला हिसका देताना १५० ते २०० अँपिअर ओढतो. दाब थोडा, पण ओघ केवढा! मी ३८ वर्षे शाळेत फळ्यावर ओहमचा नियम लिहिला. तो इतका जिवंत मला फळ्यावर कधी दिसला नव्हता. तो दिसला कोल्हापूरच्या उद्यमनगरात, एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या गॅरेजात.

निमित्त माझ्या भाच्याचे. त्याच्या वडिलांची जुनी प्रीमियर पद्मिनी त्याने जिवापाड सांभाळली आहे. मुंबईच्या टॅक्सींतून या गाडीने २०२३ च्या ऑक्टोबरात निरोप घेतला, तेव्हा हा गृहस्थ दिवसभर सुतक असल्यासारखा वागत होता. तर या गाडीत बॅटरीखालची पत्र्याची बैठक आम्लाने खाऊन टाकली होती आणि भाच्याला तिथेच एसीचा कॉम्प्रेसर बसवायचा होता. बॅटरी मागे डिकीत न्यायची, असे त्याने ठरवले.

"मामा, विलायतेत मिनी गाडीची बॅटरी १९५९ पासून डिकीतच असते," त्याने मला ऐकवले. "फोक्सवॅगनच्या बीटलमध्ये तर मागच्या सीटखाली!"

हे दोन्ही खरे होते. पण त्या गाड्यांत बॅटरीची जागा कागदावर आखतानाच तिच्या तारेची वाटही आखलेली होती. आमच्या चिरंजीवांनी जागा तेवढी ठरवली होती. तारेसाठी त्यांच्याकडे घराच्या वायरिंगमधून उरलेले ६ चौरस मिलिमीटरचे भेंडोळे होते, आणि ते वाया जाऊ नये एवढीच त्यांची इच्छा होती.

मिस्त्रीने ते भेंडोळे हातात घेतले, अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये फिरवून पाहिले आणि काही न बोलता बाकावर ठेवून दिले. वैद्य नाडी सोडतो तसे. मग म्हणाला, "ह्याच्यावर घरातला पंखा फिरंल. इंजिन न्हाई."

घरी येऊन मी हिशेब मांडला. बॅटरी पुढे असताना तारेची लांबी हात-दीड हात. डिकीतून स्टार्टरपर्यंत ती होते चार मीटर. भाच्याच्या तारेतून १५० अँपिअर न्यायचे तर १२ पैकी पावणेदोन व्होल्ट वाटेतच खर्ची पडणार. ३५ चौरस मिलिमीटरच्या केबलीत हीच गळती जेमतेम ०.३ व्होल्टांवर येते. मिस्त्रीने मागितली होती ती नेमकी ३५ चीच, वेल्डिंगवाल्यांकडे असते तसली, आत केसासारख्या बारीक तारांची, हवी तशी वळणारी. त्याने ना भागाकार केला, ना ओहमचे नाव ऐकले असेल. (माझ्या शाळेतल्या पहिल्या नंबरांच्या मुलांपैकी किती जणांना हे बोटांनी सांगता आले असते, हा विचार मी पुढे नेला नाही.)

खरी मौज पुढेच होती. भाच्याचे सगळे लक्ष लाल तारेकडे. ती कुठून न्यायची, कशी झाकायची, हेच चालले होते. मिस्त्री मात्र बॉनेटमध्ये डोके घालून खाली काहीतरी शोधत होता. बराच वेळाने त्याने जुनाट, हिरवे पडलेले, विणलेल्या वेणीसारखे तांब्याचे एक पट्टे बाहेर काढले. अर्धे तुटलेले.

"सर, करंट नुसता गेला म्हंजे झालं व्हय? माघारी याय नको?"

मोटारीत परतीची वेगळी तार सहसा नसते. बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या पत्र्याला बांधतात आणि सगळी गाडीच परतीची वाट होते. पण इंजिन बसलेले असते रबराच्या गाद्यांवर, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते बेटच. त्या बेटाला पत्र्याशी जोडणारा पूल म्हणजे ही वेणी. ती तुटली तर वीज थांबत नाही. मिळेल त्या वाटेने परतू पाहते. मिस्त्रीने एका गाडीत चोकच्या बारीक तारेतून ती परतताना पाहिली होती. तार निखाऱ्यासारखी लाल झाली होती म्हणे.

हे ऐकताना मला भलतेच काही आठवत होते. मुलीची पाठवणी आपण वाजतगाजत करतो. तिची माघारी येण्याची वाट शाबूत आहे की नाही, हे कितीजण वाकून पाहतात? माझी आक्का, म्हणजे या भाच्याची आई, रत्नागिरीजवळ राहते. भाऊबीजेला खरे म्हणजे भावाने जायचे. पण माझे गुडघे आंबा घाट म्हटला की संप करतात. म्हणून भाचा तिला याच गाडीतून घेऊन येतो. ती बसते मागच्या सीटवर, डाव्या खिडकीशी. आणि नवी केबल जाणार होती ती बरोबर तिच्या पायांखालून.

म्हणून फ्यूजचा विषय निघाला तेव्हा मी हट्ट धरला. "कंपनीच्या गाडीत इथं कुठं फ्यूज होता?" भाचा म्हणाला. नव्हता, कारण तार हातभर होती. आता ती सबंध गाडीतून जाणार. पत्र्याच्या भोकाच्या धारेवर घासून तिचे रबर फाटले, की कित्येकशे अँपिअर थेट पत्र्यात. ते थांबवणारे वाटेत कुणी नाही, आणि पेट्रोलची टाकीही मागेच. फ्यूज स्टार्टरच्या रक्षणासाठी नसतो, तारेच्या रक्षणासाठी असतो. म्हणून तो बॅटरीपासून वीतभरातच हवा. पुढच्या टोकाला लावला तर मधली सगळी तार उघडीच राहते.

तांब्याचा भाव ऐकून भाच्याचा चेहरा उतरला. केबल, फ्यूज आणि नवी वेणी यांचे पैसे मी दिले. आक्काची यंदाची ओवाळणी समज, असे त्याला सांगून टाकले.

दोन दिवस काम चालले. प्रत्येक भोकात रबरी कडी बसली. मागे पत्र्याचा रंग खरवडून, लखलखीत धातू दिसल्यावरच ऋण टोकाचा बोल्ट आवळला गेला. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तो बंद डिकीत साठला तर एक ठिणगी पुरे; म्हणून तिला झाकणाची पेटी आणि पेटीतून खाली गाडीबाहेर जाणारी नळी. जोडताना ऋण टोक सर्वांत शेवटी, सोडताना सर्वांत आधी. म्हणजे धन टोकावर काम करताना पाना पत्र्याला लागला तरी काही होत नाही. हा नेम मिस्त्री सोवळ्यासारखा पाळतो.

शेवटी त्याने मीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनावर टेकवली आणि भाच्याला किल्ली फिरवायला सांगितले. काटा ०.२ व्होल्टांवर हलला. "आलं बगा माघारी," मिस्त्री म्हणाला आणि चहा सांगितला.

भाऊबीजेच्या आदल्या संध्याकाळी गाडी दारात आली. आक्का उतरली, गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली आणि घरात येण्याआधी मागे जाऊन तिने डिकी उघडायला लावली. पेटीकडे बराच वेळ पाहिले.

"ही माझी ओवाळणी होय? बरी आहे," ती म्हणाली. "पण मेल्या, चाळीस नारळ काढून ठेवले होते तुझ्यासाठी. हिच्यामुळे पंचवीसच मावले."