स्वस्त चित्रपटांतले घोडे

डोंबिवली, 12 जून
पावसामुळे गाड्या रखडल्या, म्हणून संध्याकाळी घरीच. जॉन वेनचा ‘द स्टार पॅकर’ पाहिला. 1934 सालचा, जेमतेम तासाभराचाही नाही. वेन तेव्हा सत्तावीस वर्षांचा. अज्ञात म्होरक्याची टोळी गावाला छळते, मार्शल येतो, पाठलाग होतो, संपलं. घोडेचोर, गुरेचोर, टपाल लुटणारे. त्या काळच्या डझनावारी चित्रपटांत गुन्हा बदलतो, पाठलाग तोच. पैसा नाही, वेळ नाही, सेट म्हणून चार फळकुटी घरं. पण घोडा भरधाव सुटला की सगळी गरिबी विसरायला होते. ती धूळ खरी, उताराची भीती खरी.

13 जून
‘स्टार पॅकर’मधला याकिमा कनट डोक्यातून जात नाही. मूळचा रोडिओतला घोडेस्वार. ठोसा न लागता लागल्यासारखा दिसावा म्हणून कॅमेरा कुठे ठेवायचा, हे त्याने आणि वेनने याच स्वस्त चित्रपटांत घोटून बसवलं. पुढे 1939 च्या ‘स्टेजकोच’मध्ये धावत्या घोड्यांच्या मधून गाडीखाली सरपटत जाणारा माणूस तोच. ‘बेन-हर’मधली रथांची शर्यतही त्यानेच बसवली. या चित्रपटांची दुसरी बाजूही लिहून ठेवली पाहिजे: घोड्याच्या पायांना तार बांधून त्याला धावता धावता पाडायचे. कितीतरी जनावरं त्यात जायबंदी झाली, मेली. हे पाहताना आनंद निम्मा होतो, आणि व्हायलाच हवा.

15 जून, ठाणे
वंदनाच्या स्टॉपवर उतरून काकांकडे गेलो. काकांचं बालपण लालबाग-परळचं. जुन्या मारधाडीच्या चित्रपटांची नायिका नादिया, तिचं नाव काढताच ते सावरून बसले.
“अरे, ती घोड्यावर आली की पुढच्या बाकांवरची पोरं उभीच राहायची. मागून शिव्या पडायच्या, कोण ऐकतो!”
“काका, गोष्ट आठवते?”
“गोष्ट कशाला आठवायची? घोडा आठवतो. पंजाब का बेटा.”
पडद्यावर घोड्याचं खरोखर हेच नाव होतं. परळच्या लवजी कॅसलमध्ये तिचे चित्रपट काढणाऱ्या वाडिया बंधूंचा स्टुडिओ होता. 1942 मध्ये तिथेच शांतारामबापूंचं राजकमल उभं राहिलं. जे. बी. एच. वाडिया डग्लस फेअरबँक्सच्या ‘झोरो’ने भारावलेले. त्यांच्या ‘हंटरवाली’त (1935) राजकन्या झालेली नादिया बुरखा घालून अन्यायाचा समाचार घेते. आपल्याकडचा मार्शल बाई होता, हातात चाबूक घेतलेली! मला ही अमेरिकनांपेक्षा मोठी झेप वाटते.

16 जून
दिव्याहून पनवेलकडे जाताना ‘शोले’ची गाडी आठवली. घोड्यांवरचे डाकू आणि रेल्वेची ती झुंज पनवेलच्या बाजूलाच चित्रित झाली होती. बसंतीच्या टांग्याच्या पाठलागात हेमा मालिनींच्या जागी रेश्मा पठाण होत्या. त्यांचं नाव लोकांपर्यंत पोचायला किती वर्षं जावी लागली!

18 जून
आज संताप आला. वेनच्या त्या चित्रपटांपैकी बहुतेकांच्या हक्कांचं नूतनीकरण कुणी केलं नाही, म्हणून ते टीव्हीवर, कॅसेटवर, सगळीकडे फिरले आणि जगले. आपले? कोल्हापूरच्या मास्टर विठ्ठल यांनी मूकपटांत तलवार गाजवली, 1931 मध्ये ‘आलम आरा’चे नायक झाले, त्या पहिल्या बोलपटाची एकही प्रत आज ठाऊक नाही. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, वाचले मूठभर. नायट्रेटची फिल्म पेट घेते, सडते. शिवाय तिच्यातल्या चांदीसाठी रिळं विकली गेली. आधी गेले ते मारधाडीचे स्वस्त चित्रपट, कारण ते जपण्यासारखे कुणाला वाटलेच नाहीत. तरी जी. पी. पवारांचा ‘दिलेर जिगर’ (1931) टिकला आहे. त्यात तरुण ललिता पवार आहेत. ‘खाष्ट सासू’ एवढीच त्यांची ओळख असलेल्यांनी तो जरूर पाहावा.

पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 पासून असं साहित्य जमवतं. ठाण्या-कल्याणात कुणाच्या माळ्यावर जुनी रिळं, पोस्टरं, गाण्यांच्या पुस्तिका असतील, तर रद्दीत घालण्याआधी त्यांना कळवा.